पडद्यावरची बाई आणि तिचा पगार

भांडीकुंडी उरकून, पोरांना जेवायला घालून रेडिओजवळ बसला असाल. आज आपण कर्जाचे हप्ते आणि रजिस्टर बाजूला ठेवू आणि सिनेमाच्या गोष्टी करू. पण मी पडले बचत गटाची समन्वयक, त्यामुळे बोलता बोलता पैशाचा विषय निघणारच. तेवढं चालवून घ्या.

‘रामायण’ मालिकेतली मंथरा आठवते का? 1987 साली ती मालिका सुरू झाली तेव्हा वाडीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा, आणि रविवारी सकाळी सगळी आळी तिथं जमायची. कैकेयीचे कान भरणारी ती वाकलेली म्हातारी दिसली की आयाबाया बोटं मोडायच्या. एक डोळा बारीक करून ती अशी बघायची की लहान पोरं आईच्या पदराआड जायची. त्या बाईंचं नाव ललिता पवार. मूळच्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या, म्हणजे पैठणीच्या गावच्या. आता ऐका, तो डोळा त्यांनी नाटकासाठी बारीक केलेला नव्हता. मूकपटाच्या काळापासून त्या नायिकेची कामं करत होत्या. 1942 साली एका चित्रीकरणात समोरच्या नटानं त्यांना थोबाडीत मारायची असा प्रसंग होता. हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचारात सुमारे तीन वर्षं गेली. परतल्या तेव्हा नायिकेचं काम कोण देणार? मग त्यांनी खाष्ट सासवा केल्या, कजाग म्हाताऱ्या केल्या आणि पुढं पन्नास वर्षं त्याच डोळ्यावर सिनेमे गाजवले.

ललिताबाईंचं नाव निदान आपल्याला सांगता येतं. ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, आठवलीच तर त्यांनी कमावलेल्या पैशाचं काय झालं हे कुणी विचारत नाही, अशा काही बायकांबद्दल आज मला बोलायचं आहे. गटाच्या बैठकीत आपण पहिल्यांदा काय विचारतो? पैसा कुणाच्या खात्यावर आला आणि काढताना सही कुणाची? तेच या बायकांबद्दल विचारून बघू.

सुरुवात अगदी मुळापासून करते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लोकांना दाखवला गेला. त्यातल्या तारामतीचं काम कुणी केलं असेल? अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं! फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून बरीच खटपट केली होती. जाहिरात दिली, कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्या, शरीरविक्रय करणाऱ्या बायकांनाही विचारून पाहिलं. त्यांनीसुद्धा नाही म्हटलं. सिनेमात उभं राहणं हे त्या काळी त्या कामापेक्षाही हलकं मानलं जात होतं, म्हणजे बघा. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा हा नाजूक बांध्याचा गडी फाळक्यांच्या नजरेत भरला. हॉटेलात महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. राहिलेल्या बायकांची कामंही पुरुषांनीच केली, आणि त्यांना मिशा उतरवायला लावताना फाळक्यांच्या नाकी नऊ आले. बाप वारल्यावरच मिशी काढायची अशी रीत होती ना!

हे सगळं चाललं होतं दादरला, फाळक्यांच्या राहत्या बंगल्यात. कामाला येणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की कुठं कामाला जाता असं कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत म्हणायचं. सिनेमात म्हटलं तर घरात कालवा व्हायचा. 2009 साली याच नावाचा मराठी सिनेमा आला होता, तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्या फॅक्टरीत खरोखर राबणारी एक बाई होती. पडद्यावर ती कधीच आली नाही, तरी तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. फाळक्यांच्या पत्नी, सरस्वतीबाई.

तो काळ डोळ्यासमोर आणा. घरात लहान मुलं. नवरा चांगला चालता धंदा सोडून हलत्या चित्रांच्या मागं लागलेला. त्यानं विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली आणि सामान आणलं. आधी प्रयोग म्हणून कुंडीत पेरलेलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं, त्याची फिल्म काढली. ती पाहून एकानं पैसे लावायची तयारी दाखवली. तरी पैसे कमी पडलेच. मग सरस्वतीबाईंचे दागिने गेले. कामाला आलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या. उन्हात चित्रीकरण चाले तेव्हा चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहायच्या. आणि रात्री, सगळे झोपले की, अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडेला भोकं पाडत बसायच्या. तेव्हा कोरी फिल्म भोकं न पाडलेलीच मिळायची. भोकं सरळ रेषेत नसतील तर यंत्रात फिल्म पुढं सरकत नाही, म्हणजे अगदी नजरेचं आणि हाताचं काम. फिल्म धुवायची रसायनं कालवणं, तुकडे जोडणं, हेही त्या शिकल्या. तारामतीचं काम तूच कर, असं फाळक्यांनी त्यांनाही विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. आणखी तेही काम केलं तर बाकीचं कोण करील, असा साधा हिशेब होता.

आता हे काम मजुरीच्या भाषेत मांडा. साठ माणसांचा स्वयंपाक केला म्हणजे त्या आचारी झाल्या, चादर धरली म्हणजे प्रकाशाच्या कामगार, भोकं पाडून फिल्म धुतली म्हणजे तंत्रज्ञ. शिवाय दागिने दिले म्हणजे भांडवल घालणाऱ्या भागीदार. इतकी चार माणसांची कामं एका बाईनं केली आणि पगारपत्रकावर तिचं नाव कुठंच नाही. अण्णा साळुंक्यांना तारामती होण्याचे पंधरा रुपये होते. मी ही गोष्ट बैठकीत सांगते तेव्हा एखादी तरी बाई म्हणतेच, “आमचं काय निराळं आहे ओ ताई? म्हशी माझ्या हातच्या पितात, डेअरीचं कार्ड मालकाच्या नावावर.”

त्याच वर्षी, म्हणजे 1913 च्या शेवटाला, फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात पहिल्यांदा खऱ्या बायका पडद्यावर दिसल्या. पार्वतीचं काम दुर्गाबाई कामत यांनी केलं आणि मोहिनीचं त्यांच्या मुलीनं, कमलानं. कमला तेव्हा तेरा वर्षांची. दुर्गाबाई ब्राह्मण घरातल्या, शिकल्यासवरलेल्या. नवरा शिक्षकी पेशातला. पटेना म्हणून 1903 च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. मुलगी कडेवर. त्या काळात नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई करणार काय? लोकांकडे धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट. दुर्गाबाईंनी तिसरा रस्ता धरला, फिरती नाटक कंपनी. जातवाल्यांनी वाळीत टाकलं. कंपनीबरोबर गावोगाव फिरताना कमलाला शाळा कुठली मिळायला? आईनंच तिला शिकवलं. पाच वर्षांची असल्यापासून ती पोर रंगमंचावर उभी राहत होती.

आपल्याकडे पहिल्या नटीची गोष्ट सांगताना ‘धाडसी स्त्री’ असं म्हणून सोडून देतात. मला ते अर्धवट वाटतं. धाडस होतंच. पण त्यामागं दोन माणसांच्या जेवणाचा प्रश्न होता. दुर्गाबाई हौस म्हणून कॅमेऱ्यासमोर गेल्या नाहीत, पोट भरायला गेल्या. आणि गंमत अशी की एकदा बाई आली म्हणून दार कायमचं उघडलं असंही झालं नाही. चार वर्षांनी, 1917 ला, ‘लंकादहन’ आला तेव्हा त्यात सीता परत अण्णा साळुंकेच होते. आणि राम? तेही अण्णा साळुंकेच! एकच माणूस दोन्ही. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती मात्र एक मुलगी, फाळक्यांची स्वतःची लेक मंदाकिनी. पुरुषांनी सीता व्हायचं आणि पोरीनं कृष्ण, असा तो सगळा उलटासुलटा बाजार होता.

कमलाबाईंचं पुढं लग्न झालं, रघुनाथराव गोखले या नाटकवाल्याशीच. नवरा लवकर गेला. पदरात तीन मुलगे. आईची गोष्ट लेकीच्या वाट्याला वेगळ्या वाटेनं परत आली. कमलाबाईंनी तोंडाला रंग लावून मुलं वाढवली. नाटकातून कामं केली, पुढं बोलपटांतूनही केली. दोन मुलगे तबलजी झाले आणि तिसरे चंद्रकांत गोखले, आपल्या मराठी सिनेमातले नावाजलेले नट. त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेत. त्यांची आजी ही. त्या घराची तीन-चार पिढ्यांची भाकरी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी पहिल्यांदा कमावली. कमलाबाई थकल्या होत्या तेव्हा रीना मोहन या बाईंनी त्यांच्यावर एक माहितीपट केला. कॅमेऱ्यासमोर कसं बसायचं हे त्या म्हातारपणीही विसरलेल्या नव्हत्या.

आता पंचवीस वर्षं पुढं येऊ. सिनेमा बोलायला लागला होता. कोल्हापुरात 1929 साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्याला आली. तिथली पद्धत कारखान्यासारखी. नटनट्या महिना पगारावर, करारानं बांधलेल्या. करार चालू असेपर्यंत बाहेर काम करायचं नाही, वेळेवर यायचं, काम नसलं तरी हजेरी. एका अर्थी बरं होतं, पगार ठरलेला. पण सिनेमा लाखानं चालला तरी बाईचा पगार तेवढाच.

या प्रभातमध्ये शांता आपटे होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटजवळच्या दुधनीच्या. गळा गोड आणि गाताना डोळे, हात, मान, सगळं बोलायचं. त्याआधी नट्या खांबासारख्या उभ्या राहून गायच्या. 1937 साली त्यांचा ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा म्हणते की मी हे लग्न मानत नाही, आणि शेवटपर्यंत मानत नाही. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा तो सिनेमा. आजही एखाद्या गावात बालविवाह थांबवायचा तर किती जणांची तोंडं चुकवावी लागतात, हे आपण जाणतो. 1937 मध्ये पडद्यावर एक मुलगी ठामपणे नाही म्हणत होती.

पडद्यावरची नीरा सगळ्यांना आवडली. पण शांताबाईंनी तसंच खऱ्या आयुष्यात केलं तेव्हा लोक गोंधळले. 1939 च्या जुलैमध्ये करार आणि पगार यावरून त्यांचं कंपनीशी वाजलं. त्यांनी काय करावं? कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. अंगात पँट आणि शर्ट. रात्रही तिथंच काढली. त्या काळातली एवढी मोठी नटी, जिच्या नावावर तिकिटं खपत होती, ती पहारेकऱ्यांच्या शेजारी बाकावर! पेपरात बातम्या आल्या. कुणी हसलं, कुणी आगाऊ म्हटलं. गिरणीच्या फाटकावर कामगार बसतात हे लोकांना ठाऊक होतं. नटी हीसुद्धा कामगार असते हे मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यानंतर त्या प्रभातमध्ये राहिल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ सिनेमात जायची स्वप्नं पाहणाऱ्या मुलींना त्यात त्यांनी या धंद्याचा आतला हिशेब सांगितला. पैसा कोण घालतो, राबतं कोण आणि नफा कुणाच्या पेटीत जातो. 1940 साली एका नटीनं लिहिलेलं हे पुस्तक माझ्या मते त्यांच्या गाण्यांइतकंच मोलाचं आहे. गाणी अजून वाजतात, पुस्तक मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

इथं एक तुलना करावीशी वाटते. त्याच ‘कुंकू’मध्ये त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं होतं. वडील रँग्लर परांजपे, स्वतः केंब्रिजला जाऊन गणित शिकलेल्या. सिनेमात काम केलं, वाटलं तेव्हा सोडलं आणि पुढं आयुष्यभर संततिनियमनाचा प्रचार केला. गावोगाव हिंडून बायकांना सांगितलं की किती मुलं व्हावीत हे ठरवता येतं. लोकांनी नावं ठेवली, त्यांनी मनावर घेतलं नाही. पुढं राज्यसभेतही होत्या. एकाच सिनेमातल्या दोन बायका, दोघीही कुणाला न भिणाऱ्या. पण एकीला नको तेव्हा ‘नको’ म्हणता येत होतं, कारण घरची चूल त्या पगारावर पेटत नव्हती. दुसरीला ‘नको’ म्हणायला फाटकात उपाशी बसावं लागलं.

आता मला ज्यांच्याबद्दल जास्त बोलायचं आहे, त्या हंसा वाडकर. आपल्या आज्यांना नाव सांगितलं तर त्या लगेच म्हणतील, “म्हंजे रामजोशीतली का?” 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’, 1941 चा ‘संत सखू’, 1959 चा ‘सांगत्ये ऐका’. हा शेवटचा सिनेमा पुण्याच्या विजयानंद थिएटरात सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! खेड्यापाड्यांत तंबूतल्या टॉकीजमध्ये गाड्या जुंपून लोक बघायला जायचे. तमाशापटांची लाट आली ती या दोन सिनेमांमुळं.

खरं नाव रतन साळगावकर. जन्म 1923 चा. पूर्वजांत कलावंतिणींची परंपरा. घरात पैशाची ओढ, वडिलांचं दारूचं व्यसन. पोरीला सिनेमात घालायचं ठरलं ते घर चालावं म्हणून. वय दहा-बारा वर्षांचं, शाळेत जायचं. घराण्याच्या नावाला बट्टा नको म्हणून साळगावकर काढून वाडकर लावलं. इथं क्षणभर थांबा. पोरीनं आणलेल्या पैशाला घरात बट्टा लागत नव्हता. बट्टा लागणार होता तो फक्त आडनावाला.

पुढं अगदी लहान वयात लग्न झालं. हंसाबाईंची इच्छा काय होती? त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, की लग्न झालं, आता सिनेमा पुरे, चारचौघींसारखा संसार करायचा. नवऱ्याचं मत निराळं. घर बायकोच्या पगारावर चालत होतं. मग बोलणी करणं, करार ठरवणं हे नवरा बघणार आणि बायको काम करणार. मुंबईला बॉम्बे टॉकीज, पुण्याला प्रभात, जिथं करार तिथं जायचं. वर नवऱ्याच्या मनात सतत संशय. काम सोडू द्यायचं नाही आणि काम केलं म्हणून बोलायचं, असं दोन्हीकडून.

आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळ्या दोघांनी वाहायच्या, पण नोटा मोजून घेणारा हात बहुतेक वेळा एकच असतो. पुढं सहा महिने ती उचल फेडायची मात्र दोघांनी. हंसाबाईंच्या गळ्यात मोत्याचे सर होते, अंगावर शालू होता, पण करार वाचून बघितला तर तो कोयत्यासारखाच निघतो.

‘संत सखू’ची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कऱ्हाडची सखू, सासू छळते, पंढरीला जाऊ देत नाही, तेव्हा विठोबा स्वतः सखूचं रूप घेऊन तिच्या जागी राबतो आणि सखू वारीला जाते. अठरा वर्षांच्या हंसाबाईंनी ती सखू केली. त्यांच्या स्वतःच्या जागी राबायला मात्र कुणी आलं नाही. मुलगी झाली, तिच्यापासून दूर राहावं लागलं. दारू जवळ आली. एकदा त्या सगळं सोडून मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या मोठ्या घरी राहायला गेल्या. वाटलं, इथं तरी संसार मिळेल. मिळाल्या त्या चार भिंती. बाईनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही असं ते घर. ज्या बाईला बघायला तंबूबाहेर रांगा लागायच्या, तिला अंगणाच्या पलीकडे जायची मुभा नव्हती. काही वर्षांनी तिथून सुटका झाली.

हे मी कुणाच्या सांगीवांगीवरून बोलत नाही. हंसाबाईंनी हे सगळं अरुण साधूंपाशी मोकळेपणानं सांगितलं, ‘माणूस’ या नियतकालिकात ते छापून आलं आणि 1970 साली पुस्तक झालं. पुस्तकाचं नाव त्यांच्या गाजलेल्या सिनेमाचंच, ‘सांगत्ये ऐका’. त्यात त्यांनी नवऱ्याला सोडलं नाही तसं स्वतःलाही सोडलं नाही. दारू प्यायले म्हणतात तर म्हणतात, चुकले म्हणतात तर म्हणतात. मराठीत तोवर बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रं बहुतेक मोठ्या माणसांच्या पत्नींची होती. नवऱ्याचं मोठेपण सांगायचं आणि आपलं दुःख पदराखाली झाकायचं. हंसाबाईंनी पदर बाजूला केला. पुस्तक आलं आणि दुसऱ्याच वर्षी, 1971 मध्ये, त्या गेल्या. वय अठ्ठेचाळीस. सहा वर्षांनी श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावरून ‘भूमिका’ हा हिंदी सिनेमा काढला. त्यात स्मिता पाटीलनं काम केलं आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कधी कधी आपल्यातली एखादी म्हणते, बाई कमावती झाली की तिचे प्रश्न सुटले. प्रशिक्षणात आम्हालाही तसंच शिकवतात. हंसाबाई तर बाराव्या वर्षापासून कमावत होत्या, आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त. त्यांच्याकडे कमाई होती, पण काम कुठलं करायचं, कधी थांबायचं आणि आलेल्या पैशाचं काय करायचं हे तिन्ही निर्णय दुसऱ्याकडे होते. म्हणून बँकेत गेल्यावर पासबुक स्वतः भरून घ्या, असा मी जो सारखा धोशा लावते, तो मला कमी महत्त्वाचा वाटत नाही.

एक शेवटचं नाव सांगते, शांता हुबळीकर. हुबळीकडच्या, मातृभाषा कन्नड. लहानपणीच पोरक्या झाल्या आणि नाटक कंपनीच्या वाटेनं सिनेमात आल्या. मराठी इथं येऊन शिकल्या. प्रभातचा ‘माझा मुलगा’ 1938 चा आणि त्यानंतरचा 1939 चा ‘माणूस’. मघाशी ज्या नियतकालिकाचं नाव घेतलं ते वेगळं, हा सिनेमा. दिग्दर्शक व्ही. शांताराम. शांताबाईंनी त्यात मैना केली, कोठ्यावरची बाई. शाहू मोडकांचा साधा शिपाई गणपत तिला त्यातून काढू बघतो, लग्न करू म्हणतो, आईच्या पाया पडायला नेतो. पण तिच्या कमाईवर जगणारा मामा तिची पाठ सोडत नाही. शेवटी तिच्या हातून त्याचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. त्या सिनेमात मैनेचं एक गाणं आहे, त्यात एकामागून एक वेगवेगळ्या प्रांतांच्या भाषा येतात. अर्थ असा, की उद्याची काळजी कशाला करायची. आख्ख्या देशानं ते गाणं गुणगुणलं.

त्यानंतर दोन-चार सिनेमे झाले, 1942 चा ‘पहिला पाळणा’ त्यातलाच एक. पुढं संसार, आणि हळूहळू सगळे त्यांना विसरले. इतके, की म्हातारपणी त्या वृद्धाश्रमात होत्या आणि शेजारच्या खाटेवरची बाई कोण हे बरीच वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. कळलं तेव्हा मग सत्कार झाले, पेपरवाले आले. त्यांनी आपली हकिकत सांगितली, 1990 साली तिचं पुस्तक झालं, आणि नाव दिलं त्याच गाण्यावरून. 1992 साली पुण्यात त्या वारल्या.

प्रभातचे जुने सिनेमे आता मोबाईलवर मिळतात, ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ दोन्ही. नातवंडांना सांगितलं की ती लावून देतील. ‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक बऱ्याच वाचनालयांत असतं, तालुक्याला गेलात तर विचारून बघा. जिला वाचता येत नाही तिला गटातल्या दुसरीनं वाचून दाखवायचं. एका बैठकीला चार-पाच पानं झाली तरी पुष्कळ. आणि तुमच्या गावात तंबूची टॉकीज येत होती तेव्हाची माणसं अजून आहेत. तिकीट किती होतं, बायकांना वेगळं बसवायचे का, घरातून जाऊ देत का, चोरून गेलात का, हे त्यांना विचारा आणि लिहून रेडिओ केंद्रावर पाठवा. आलेली पत्रं पुढच्या महिन्यात वाचून दाखवीन. नाव आणि गाव मात्र स्वतःचंच लिहा हं, मालकाचं नको.